वकिलातींतला वकील कोठें गेला?

कोथरुडांतील एखाद्या घरीं ‘परवां वकिलातींत मुलाखत आहे’ असें कोणी म्हटलें, तर ऐकणारास कोर्टकचेरीची शंका येत नाहीं. मुलगा किंवा मुलगी सातासमुद्रांपलीकडे आहे, बाळंतपणासाठीं अथवा नातवंडें पाहण्यासाठीं आईबापांस जावयाचें आहे, आणि त्यासाठीं मुंबईस अमेरिकन सरकारच्या कचेरींत कागद घेऊन उभें राहावयाचें आहे, एवढा सगळा मजकूर त्या एका शब्दांत येतो. त्याच घरांत ‘वकिलांकडे जाऊन येतों’ असें कानीं पडलें म्हणजे मात्र सोसायटीचा पुनर्विकास, मृत्युपत्र किंवा भाऊबंदकी यांपैकीं कांहींतरी निघालें असें समजावें. एकाच मुळापासून निघालेले हे दोन शब्द एका घरांत नांदतात आणि त्यांची कधीं टक्कर होत नाहीं. वकिलात ती परराष्ट्राची आणि वकील तो न्यायालयाचा. पण मग वकिलातींत बसतो कोण? त्यास आपण राजदूत म्हणतों. घरावर पाटी वकिलाची आणि आंत राहणारा दूत, असा हा प्रकार आहे.

हा प्रश्न केवळ कोशकारांनीं सोडवावयाचा नव्हे. अलीकडे मराठी वर्तमानपत्रांत, व त्याहून अधिक दूरचित्रवाणीच्या बातम्यांत, ‘वकिलात’ मागें पडून ‘दूतावास’ पुढें येत आहे. ‘परराष्ट्रमंत्री’ यांस ‘विदेशमंत्री’ म्हणणारेहि निघाले आहेत. हिंदींत हे शब्द योग्यच आहेत. तेथें त्यांचें घर आहे. मराठींत ते येतात ते गरज म्हणून येत नाहींत, दिल्लीहून आलेल्या मजकुराचें भाषांतर करण्याच्या कंटाळ्यानें येतात. जुना शब्द जावा कीं राहावा हें ठरवितांना तो आजवर काय करीत आला हें पाहणें अवश्य आहे. परदरबारीं आपला माणूस पाठविण्याचें काम मराठ्यांनीं दीडशें वर्षांहून अधिक काळ स्वतः केलेलें असल्यामुळें त्या माणसाच्या नांवांचा हिशेब आमच्याच दप्तरांत सांपडतो.

शिवकालांत हा माणूस ‘हेजीब’ म्हणून भेटतो. १६५९ सालीं प्रतापगडच्या प्रकरणांत अफजलखानाकडून कृष्णाजी भास्कर आला आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेला. अशा मध्यस्थांसाठीं बखरींत येणारा शब्द हा. मूळ अरबी ‘हाजिब’ म्हणजे द्वारपाल, धनी आणि बाहेरचें जग यांच्यामध्यें उभा राहणारा. दक्षिणेच्या सुलतानशाह्यांत तो दरवाजा सोडून परक्या दरबारीं जाऊं लागला. ‘एलची’ हा तुर्की शब्दहि मराठी कोशांत आहे, परंतु तो आमच्या भाषेंत पाहुण्यासारखाच राहिला. आजच्या वाचकापुढें तो टाकल्यास त्यास वेलदोड्याची आठवण होण्याचाच संभव अधिक.

१६७४ सालच्या राज्याभिषेकासमयीं पदांचीं फार्शी नांवें बदलून संस्कृत करण्यांत आलीं, हें शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतें. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, आणि परराज्यांचा व्यवहार पाहणारा जो डबीर, त्याचा सुमंत झाला. पुढें महाराजांच्या आज्ञेनें ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला व दरबारांतील शेंकडों शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. असें असतांहि पुढील शंभर-सवाशें वर्षांत मराठ्यांचा जो माणूस दिल्लीस, भागानगरास किंवा कलकत्त्यास गेला तो ‘वकील’ म्हणूनच गेला. सुमंत घरांत राहिला. बाहेर गेला तो वकील. आमच्या मतें याचें कारण भाषाभिमानाचा अभाव हें नव्हे. इतर पदांचीं नांवें आपल्याच दप्तरांत वाचावयाचीं असतात. ह्या एका पदाचें नांव दुसऱ्याच्या दरबारांत वाचलें जातें. ज्याच्या हातीं अधिकारपत्र द्यावयाचें, त्याची पदवी घेणारास कळली नाहीं तर तें पत्र फुकट. म्हणून परक्याच्या दारीं जाणाऱ्या माणसाचें नांव दोन्ही दारीं चालणाऱ्या नाण्यासारखें असावें लागतें, आणि त्या काळीं हिंदुस्थानभर चालणारें नाणें फार्शीचें होतें. यूरोपांत त्याच काळीं हें काम फ्रेंच भाषेकडे होतें.

शिवाय हा शब्द अर्थानेंहि मोलाचा होता. अरबींत त्याचें मूळ ‘सोंपविणें’ असें आहे. ज्याच्यावर दुसऱ्यानें आपलें काम विश्वासानें सोंपविलें तो वकील. म्हणजे वकील म्हटला कीं त्याच्या मागें कोणीतरी सोंपविणारा आलाच. न्यायालयांतल्या वकिलास अशील असतो, आणि ‘अशील’ याचा मूळ अर्थहि मुख्य, अस्सल असाच आहे. वकील हा स्वतः मुख्य नव्हे, ही कबुली त्या नांवांतच आहे. दूताविषयीं असें म्हणतां येत नाहीं. दूत निरोप पोंचवितो. निरोप पोंचला कीं त्याची जबाबदारी सरते. वकिलाची जबाबदारी काम होईपर्यंत सरत नाहीं, आणि बिघडलें तर जाब त्यासच द्यावा लागतो.

ह्या शब्दाची चढती कमान पाहावयाची असेल तर पुण्यांतच पाहावी. १७८४ सालीं महादजी शिंदे यांनीं बादशहा शाहआलम याजकडून पेशव्यांसाठीं ‘वकील-इ-मुतलक’ ही पदवी मिळविली, म्हणजे बादशहानें आपला सगळा कारभार ज्यावर सोंपविला असा मुखत्यार. १७९२ च्या जून महिन्यांत पुण्याजवळ मोठा समारंभ करून सवाई माधवरावांस ती वस्त्रें अर्पण करण्यांत आलीं. फर्मानबाडी म्हणून जी प्रसिद्ध आहे ती हीच. बादशहाचा वकील म्हणजे बादशाहीचा धनी, अशी स्थिति झाली होती. त्याच वेळीं त्याच पेशव्यांचे वकील निरनिराळ्या दरबारीं बसून रोजची पत्रें लिहीत होते. एकच शब्द साम्राज्याच्या मुखत्यारासहि लागे आणि परमुलखांत उसनवारी करून दिवस काढणाऱ्या कारकुनासहि.

त्या पत्रांविषयीं थोडें अधिक लिहिणें जरूर आहे, कारण मराठी गद्याचा विचार करतांना बखरींचें कौतुक होतें आणि वकिलांचीं पत्रें इतिहाससंशोधकांसाठीं सोडून दिलीं जातात. दिल्लीस हिंगणे घराण्याच्या दोन पिढ्यांनीं हें काम केलें. (कोथरुडच्या शेजारचें हिंगणें, जेथें १९०० सालीं अण्णासाहेब कर्वे यांनीं आपला आश्रम नेला, तें गांव निराळें, हें घराणें नाशिककडचें, पेशव्यांच्या तीर्थोपाध्यायांचें.) निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे होते, आणि फर्मानबाडीनंतर त्यांनीं नाना फडणिसांस पाठविलेलें पत्र मराठीचे अभ्यासक आजहि काढून वाचतात. द. ब. पारसनीस यांनीं दिल्लीचीं पत्रें छापलीं तेव्हां त्या ग्रंथाच्या नांवांत ‘राजकारणें’ असा अनेकवचनी शब्द घातला, आणि तो अगदीं बरोबर होता. त्या काळीं राजकारण म्हणजे एका दरबाराशीं चाललेलें एक विवक्षित प्रकरण. तें लावावयाचें, चालवावयाचें, सिद्धीस न्यावयाचें. आज राजकारण एकवचनी होऊन घरोघरीं शिरलें आहे, आणि जें मूळ राजकारण त्यास आपण ‘परराष्ट्रधोरण’ असें भारदस्त नांव शोधलें आहे.

ह्या पत्रांचा गुण असा कीं त्यांत लिहिणारा स्वतःस फारसा दिसूं देत नाहीं. समोरचा काय बोलला, आपण काय उत्तर केलें, बोलतांना तिसरा कोण बसला होता, कोणती गोष्ट डोळ्यांनीं पाहिली आणि कोणती बाजारांत ऐकिली, हें वेगळें वेगळें ठेवण्याची त्यास संवय असे. कारण चुकीच्या बातमीवर फौज हलली तर दोष त्याच्या माथीं येणार. दोषहि आहेत. पैशाची तक्रार अखंड. स्वतःचें महत्त्व वाढविण्यासाठीं लहान भानगडीस मोठें रूप देणें हेंहि अधूनमधून दिसतें. तरी सांगीव आणि पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवणारें इतकें दक्ष गद्य आमच्या भाषेंत पुढेंहि फार झालें नाहीं. ‘मुत्सद्दी’ हा शब्द पाहा. अरबी-फार्शींत तो हिशेब-कारभार पाहणारा कारकून होता. मराठींत तो धोरणी, बोलण्यांत न सांपडणारा राजकारणी पुरुष झाला. कारकुनास एवढी बढती ज्या भाषेनें दिली, तिनें कारकुनीच्या लेखणींतून राज्यें हलतांना पाहिलीं होतीं.

पुणें दरबारीं दुसऱ्यांचे वकील येत तसा इंग्रजांचाहि आला. १७८६ सालीं चार्ल्स मॅलेट पुण्यास आला व पुढें संगमावर राहिला. टिपूविरुद्ध १७९० सालीं झालेल्या तहाचा दरबार दाखविणारें टॉमस डॅनियल याचें मोठें चित्र प्रसिद्धच आहे. त्यांत हा मॅलेट पेशव्यांसमोर दिसतो. पुण्याच्या हिशेबीं तो इंग्रजांचा वकील. पण इंग्रजांनीं त्यास जें नांव दिलें होतें तें ‘रेसिडेंट’, म्हणजे राहणारा. वकील बोलणें करण्यास येतो आणि बोलणें संपलें कीं त्यानें जावें अशी निदान कल्पना तरी करतां येते. रेसिडेंटानें आपलें नांव शब्दशः खरें केलें. दोन्ही पक्ष एकाच माणसाकडे पाहून दोन निरनिराळे धंदे समजत होते, ही गोष्ट आमच्या इतिहासकारांनीं तहांच्या कलमांइतकीच लक्षांत घ्यावयास हवी होती.

आतां १८१५ सालाकडे यावें. त्या वर्षीं मार्च महिन्यांत व्हिएन्ना येथें यूरोपांतील राष्ट्रांनीं परराष्ट्रप्रतिनिधींच्या पायऱ्या ठरविल्या; पुढें कोणी बसावें आणि मागें कोणी, याचा शंभर वर्षांचा तंटा मिटविला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. शास्त्री हे बडोद्याच्या गायकवाडांकडून पेशव्यांशीं देण्याघेण्याचा हिशेब मिटविण्यास आलेले वकील, आणि ते इंग्रजांच्या हमीवर आलेले होते. मराठ्यांच्या एका सरदाराचा वकील मराठ्यांच्याच राजधानींत यावयाचा, तर त्यास तिसऱ्याची हमी लागावी, येथेंच त्या पदाचें पाणी किती उतरलें होतें तें कळतें. रावणाच्या सभेंत हनुमंतास मारूं नये म्हणून बिभीषण जो न्याय सांगतो, तो न्याय आषाढींत देवदर्शनास गेलेल्या शास्त्र्यांस मिळाला नाहीं. संशय त्रिंबकजी डेंगळे यावर आला. त्यास इंग्रजांच्या हवालीं करावें लागलें. १८१६ च्या सप्टेंबरांत तो ठाण्याच्या कैदेंतून पळाला. आणि ह्या सर्वांचा शेवट १३ जून १८१७ च्या पुणें येथील तहांत झाला.

ह्या तहानें पेशव्यांचा प्रदेश गेला, किल्ले गेले, मराठमंडळाचें आधिपत्य गेलें, हें सर्व लिहितात. त्यांतील एका अटीकडे भाषेच्या दृष्टीनें कोणी पाहिल्याचें आमच्या वाचण्यांत नाहीं. पेशव्यांनीं यापुढें कोणत्याहि दरबारीं आपला वकील ठेवूं नये, कोणाचा वकील आपल्या दरबारीं ठेवून घेऊं नये, आणि जें काय बोलणें असेल तें रेसिडेंटाच्या द्वारें करावें, अशी ती अट होती. वकिलाच्या खुनापासून निघालेलें प्रकरण वकिलाचें पदच बंद करून थांबलें. त्याच नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली, संगमावरील रेसिडेंटाचा बंगला जळाला, आणि पुढच्या वर्षीं राज्यच संपलें. पण परराष्ट्रव्यवहारांतला वकील त्याच्या आधीं पांच महिने, जून महिन्यांतच, कागदावर मेला होता.

शब्द मात्र मेला नाहीं, कारण त्यास लौकरच दुसरी नोकरी मिळाली. १८१७ चा तह ज्या रेसिडेंटानें पेशव्यांच्या गळीं उतरविला तो माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढें मुंबईचा गव्हर्नर असतां त्याच्याच कारकीर्दींत १८२७ चा कायदेसंग्रह झाला आणि त्यांत अदालतींतल्या वकिलांचे नियम घातले गेले. ज्या हातानें वकिलास दरबारांतून काढलें त्याच हातानें त्यास कचेरींत बसविलें. जुना वकील दोन राज्यांमध्यें उभा राहत असे. नवा दोन भावांमध्यें उभा राहिला. पुण्यांत ह्या धंद्यास पुढें जी प्रतिष्ठा आली ती सर्वांस ठाऊक आहे.

ह्या दोन वकिलांची गांठ ज्या एका माणसाच्या ठायीं पडली तो रंगो बापूजी. साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपति यांस इंग्रजांनीं १८३९ सालीं गादीवरून काढलें. त्यांच्यावरील आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशीं संधान बांधल्याचा आरोप होता; म्हणजे परदरबारीं माणूस पाठविणें हाच गुन्हा. आणि हा गुन्हा आपण केला नाहीं हें सांगण्यासाठीं छत्रपतींस लंडनास माणूसच पाठवावा लागला. रंगो बापूजी १८४० पासून १८५३ पर्यंत तेथें राहिले. स्वतःच्या समजुतीनें ते एका राजाचे वकील होते, पूर्वी हिंगणे होते तसे. कंपनीच्या समजुतीनें ते फिर्याद घेऊन आलेले एक एतद्देशीय गृहस्थ होते. लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत ते बोलले. त्या सभेचें नांवहि ‘कोर्ट’. १८४७ सालीं प्रतापसिंह काशीस वारले, १८४८ सालीं साताऱ्याचें राज्यच खालसा झालें, तरी हा वकील आपलें काम टाकून परत आला नाहीं. सोंपविणारा गेला, सोंपविलेलें राज्य गेलें, आणि वकील तेवढा उरला. १८५७ च्या धामधुमींत ते नाहींसे झाले. त्यांच्या मुलास साताऱ्यास देहान्तशासन झालें. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं प्रतापसिंहांचें व त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें तेव्हां हिंदुस्थानचे राजदूत परदेशीं जाऊं लागून फार दिवस झाले नव्हते. रंगो बापूजींच्या आधीं लंडन पाहिलेले मराठी वकील होते. रघुनाथरावांनीं पाठविलेले हणमंतराव १७८१ सालीं तेथें होते व एडमंड बर्क यानें त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें होतें. पण तो वकील चालत्या राज्याच्या भांडणाचा. रंगो बापूजींची योग्यता निराळी आहे, आणि ‘वकील’ शब्दाच्या जुन्या अर्थाचा शेवटचा अधिकारी म्हणून आम्ही त्यांचेंच नांव घेऊं.

त्यानंतर नव्वद-शंभर वर्षें मराठी वृत्तपत्रांनीं दुसऱ्या राष्ट्रांचे वकील, दुसऱ्यांच्या वकिलाती आणि दुसऱ्यांचें परराष्ट्रकारण लिहिलें. ह्या काळांतच ‘वकिलात’ हा शब्द छापील मराठींत घट्ट बसला. भाषाशुद्धीच्या चळवळीनें फार्शी शब्दांवर शस्त्र उगारलें, माधवराव पटवर्धनांनीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून तिचा पुरस्कार केला. त्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. एवढेंच नमूद करावें कीं ‘वकील’ शब्दास परराष्ट्रखात्यांतून काढणारा कोणी शुद्धिवादी नव्हता.

१९४७ सालीं विजयालक्ष्मी पंडित मॉस्कोस गेल्या आणि ‘राजदूत’ ह्या शब्दास आपलें स्वतःचें माणूस मिळालें. ह्या शब्दाविरुद्ध दोन आक्षेप ऐकूं येतात. राजा गेला असतां राजदूत कसा, हा पहिला. तो पोकळ आहे. राजपत्र निघतें, राजभाषा असते, आणि तेथें राज म्हणजे राज्य हें सर्वांस कळतें. दुसरा असा कीं ह्या शब्दास स्त्रीलिंगी रूप नाहीं. तें नाहीं हेंच बरें. वकिलाचें स्त्रीलिंग करावयास गेलों तर ‘वकीलीणबाई’ झाली, आणि ती वकिलाची बायको निघाली. विजयालक्ष्मी राजदूत होत्या. क्रियापदानें काम भागतें.

आमचा आक्षेप तिसराच आहे. ‘दूत’ हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. स्वच्छतादूत आहेत, मतदारदूत आहेत, तेलसाबणाची जाहिरात करणारे नट सदिच्छादूत आहेत. राजदूत नांवाची फटफटी एका पिढीनें चालविली. (इंग्रजांच्या भाषेंतील ह्याच पदाच्या नांवाची मोटार आमचे मंत्री वापरीत, तेव्हां दोष एकट्या मराठीचा नव्हे.) कौटिल्याच्या ग्रंथांत दूतांच्या पायऱ्या आहेत, आणि त्या बसण्याच्या मानावरून नव्हेत, अधिकारावरून आहेत. ज्यास सर्व अर्थ सोंपविला तो निसृष्टार्थ, ज्यास ठराविक मर्यादेंत बोलावयाचें तो परिमितार्थ, आणि जो केवळ पत्र नेतो तो शासनहर. आमचा वकील हा निसृष्टार्थ किंवा फार तर परिमितार्थ. नुसता ‘दूत’ म्हटल्यावर सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें येतो तो शासनहर. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं म्हैसुरास हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. १९४७ नंतर पदनामें बनविणारांच्या मेजावर तो असावयास हरकत नव्हती.

‘उच्चायुक्त’ ह्या शब्दासंबंधीं तर न बोललेलें बरें, पण बोललें पाहिजे. पूर्वी एका मुकुटाखालीं असलेले देश एकमेकांकडे राजदूत पाठवीत नाहींत, कारण राजानें स्वतःकडेच दूत कसा पाठवावा. म्हणून इंग्रजांनीं ‘हाय कमिशनर’ काढला आणि आपण त्याचें शब्दशः भाषांतर केलें. पुणेंकरास आयुक्त दोन ठाऊक: एक महापालिकेचा, दुसरा पोलिसांचा. नळास पाणी आलें नाहीं तर पहिल्याकडे जावयाचें. उच्चायुक्त म्हणजे ह्यांचा वरिष्ठ असावा असें कोणास वाटलें तर तो त्याचा दोष नव्हे. लंडनास हें पद भूषविणाऱ्यांत बाळासाहेब खेर होते (१९५२ ते १९५४), अप्पासाहेब पंत होते (१९६९ ते १९७२), पुण्याचे एके काळचे महापौर नानासाहेब गोरे होते (१९७७ ते १९७९). खेर हे धंद्यानें सॉलिसिटर, तेव्हां जुन्या व नव्या दोन्ही अर्थांनीं वकील म्हणवून घेण्यास ते पात्र होते. अप्पासाहेबांचें उदाहरण त्याहून मौजेचें आहे. ते औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यांतले. ‘प्रतिनिधि’ हें पद राजाराममहाराजांनीं जिंजीस प्रल्हाद निराजी यांच्यासाठीं निर्माण केलें, आणि प्रल्हादपंत तत्पूर्वी कुतुबशहाच्या दरबारीं मराठ्यांचे वकील होते. पुढें तें पद औंधकरांच्या घरीं आलें. अप्पासाहेब नैरोबीस ‘कमिशनर’ होते, सिक्कीमला ‘पोलिटिकल ऑफिसर’ होते, इतरत्र ‘राजदूत’ आणि लंडनास ‘हाय कमिशनर’. सरकारनें दिलेल्या ह्या चार नांवांपैकीं एकाहि नांवांत त्यांचें काम काय तें नीट सांगितलेलें नव्हतें. तें त्यांच्या आडनांवांत तीनशें वर्षांपूर्वींपासून होतें.

माणसाचें नांव ‘राजदूत’ झालें तें आतां बदलूं नये. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ तें रुळलें आहे, आणि ‘अमेरिकेंतील भारताचे वकील’ असें आज लिहिल्यास वाचक तेथें कोणता खटला चालू आहे तें विचारील. घराचें नांव मात्र ‘वकिलात’ हेंच राहिलें पाहिजे. एका मुळापासून मराठीनें तीन वेगळे शब्द घडविले आहेत: धंदा तो वकिली, कागद तो वकालतनामा, आणि परराष्ट्राची कचेरी ती वकिलात. हिंदींत ‘वकालत’ म्हणजे धंदाच, त्यामुळें तेथें कचेरीस निराळा शब्द शोधणें भाग पडलें. आमच्याकडे ही अडचणच नव्हती. ‘दूतावास’ म्हणजे दूताचें राहण्याचें घर. त्यांत पुन्हां रेसिडेंटाचाच वास येतो. वकिलातींत राहणें गौण, सोंपविलेलें काम मुख्य.

‘विदेश’ शब्दाविषयींहि हेंच. मराठींत परगांव, परदेश, परराष्ट्र अशी चढती पायरी आहे. मुलें जातात तीं परदेशीं. सरकारें बोलतात तीं परराष्ट्रांशीं. देश आणि राष्ट्र यांतला हा भेद आमच्या साध्या बोलण्यांत आहे. ‘विदेशमंत्री’ म्हटल्यानें तो पुसला जातो. कोथरुडच्या नाट्यगृहास ज्यांचें नांव आहे ते यशवंतराव चव्हाण १९७४ ते १९७७ ह्या काळांत देशाचे परराष्ट्रमंत्री होते, आणि तेव्हांच्या मराठी पत्रांनीं त्यांस दुसरें कांहीं म्हटल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं. ज्ञानेश्वर मुळे यांच्यासारखा परराष्ट्रसेवेंतला अधिकारी मराठींत आत्मकथन लिहितो आणि तें घरोघरीं वाचलें जातें. अशा वाचकास हे शब्द नवे शिकवावे लागणार नाहींत. वृत्तनिवेदकांनीं ते हिसकावून घेऊं नयेत एवढेंच.

एका जागीं मात्र मराठीचें भांडार रिकामें आहे. मुंबईस ज्या कचेरीपुढें आमचीं मंडळी रांगेंत उभीं राहतात, ती खरें पाहतां वकिलात नव्हे. अमेरिकेची वकिलात दिल्लीस, मुंबईस आहे ती कॉन्सलची कचेरी. परवाने देणें, परमुलखांत अडकलेल्या आपल्या माणसाची विचारपूस करणें, मृत्यूचा दाखला, जन्माची नोंद, हीं त्याचीं कामें. सरकारी भाषेंत त्यास ‘वाणिज्यदूत’ म्हणतात, आणि ह्या कामांत वाणिज्य किती आहे तें ज्यानें म्हाताऱ्या आईचे कागद घेऊन ती वाट तुडविली आहे त्यास विचारावें. लोकांनीं त्याहि कचेरीस वकिलातच म्हणून टाकलें आहे. नियमाप्रमाणें तें चूक आहे. परंतु ‘वाणिज्यदूतावास’ हा सहा अक्षरांहून लांब आणि अर्थानें आंखूड शब्द कोणाच्या तोंडीं बसेल असें आम्हांस वाटत नाहीं. चांगला शब्द मिळेपर्यंत माणसास ‘कॉन्सल’ म्हणावें आणि कचेरीस लोक म्हणतात तेंच म्हणूं द्यावें.